जाळी बसवली की रणगाडा सुरक्षित?

'रणगाड्यावर लोखंडी जाळी ठोकली की छोटा ड्रोन त्याचं काही वाकडं करू शकत नाही', हा मेसेज कोल्हापुरातल्या ग्रुपवर कित्येक दिवस फिरतोय. पटतोही, कारण जाळी डोळ्यांना दिसते. पण जाळी मदत करते, खात्री देत नाही.

अशा ड्रोनला बऱ्याचदा तांब्याच्या पोकळ शंकूचं स्फोटक बांधलेलं असतं. स्फोटात शंकू दबून प्रचंड वेगाची बारीक धार बनते आणि ती पोलादात शंकूच्या व्यासाच्या तिप्पट तरी शिरते. 85 मिमीचा शंकू धरा: 255 मिमी. रणगाड्याची छाती जाड असते, छत मात्र अनेकदा 50 मिमीच्या आतबाहेर. उद्यमनगरात फॅब्रिकेशनच्या दुकानात तेवढी प्लेट चाचपून बघा, जेमतेम तीन बोटं भरते.

जाळीत अडकून शंकू चेपला किंवा फ्यूज (स्फोट घडवणारी कळ) निकामी झाला, तर रणगाडा वाचतो. पण जाळीवरच, फूटभर अंतरावर स्फोट झाला, तर धारेला तयार व्हायला उलट जागाच मिळते!

फोटो नीट पाहा: मागचं इंजिन, पट्टे, उघडं झाकण बऱ्याचदा जाळीबाहेरच असतात. म्हणूनच जाळीच्या जोडीला सिग्नल जॅमर, धूर, लपणं आणि ड्रोन पाडणाऱ्या बंदुकाही लागतात.