घागऱ्याने शिकवलेली गोलंदाजी?

इंग्लंडमधल्या केंट परगण्यातला क्रिकेटपटू जॉन विल्स याला त्याची बहीण क्रिस्टिना सरावासाठी चेंडू टाकत असे. फुगीर घागरा आड आल्याने तिने तेव्हाच्या रीतीप्रमाणे हात खालून न आणता बाजूला उचलून चेंडू टाकला आणि ‘राउंडआर्म’ गोलंदाजी जन्मली, ही कथा वर्षानुवर्षे सांगितली जाते. ती पटण्याजोगी नाही. त्या काळात, म्हणजे १८०० च्या सुमारास, इंग्लंडमधल्या बायका छातीखालून सरळ उतरणारे झगे घालत. सांगाड्याचे फुगीर घागरे रोजच्या वापरातून गेले होते आणि क्रिनोलिन (घागरा फुगवणारा नवा सांगाडा) यायला अजून अर्धशतक होतं. शिवाय हॅम्बल्डन क्लबच्या टॉम वॉकरने असा हात आधीच उचलून पाहिला होता, त्याला मनाई झाली होती.

क्रिस्टिना भावाला चेंडू टाकतच नव्हती, असं मात्र मी म्हणणार नाही.

विल्सचं खरं मोठेपण त्याच्या चिकाटीत आहे. १८०७ मध्ये पेनेंडन हीथवर त्याने ही शैली वापरली. १५ जुलै १८२२ ला लॉर्ड्सवर एमसीसी (मेरिलबोन क्रिकेट क्लब) विरुद्ध त्याचा असा चेंडू नोबॉल ठरला. तो चिडून मैदान सोडून गेला आणि त्याची कारकीर्द तिथेच थांबली. खांद्यापर्यंत हात नेण्याची मुभा नियमात आली १८३५ मध्ये.