एस्टोनिया : राष्ट्रीय प्रतीकं आणि गाण्याची परंपरा

एस्टोनिया हा बाल्टिक समुद्राच्या काठावरचा छोटा देश, पूर्वेला रशिया, दक्षिणेला लाटविया आणि समुद्रापलीकडे फिनलंड. लोकसंख्या साडेतेरा लाखांच्या आसपास, राजधानी टालिन. भाषा एस्टोनियन, ती फिनिशची जवळची बहीण, शेजारच्या रशियन-लाटवियनशी तिचं नातं नाही. डॅनिश, जर्मन सरदार, स्वीडिश, मग रशियन झार अशा परक्या सत्ता एकामागून एक आल्या, २४ फेब्रुवारी १९१८ ला स्वातंत्र्य जाहीर झालं, १९४० मध्ये सोव्हिएत युनियनने देश गिळला (मधली तीन वर्षं जर्मनांची) आणि २० ऑगस्ट १९९१ ला स्वातंत्र्य परत आलं. एवढा इतिहास डोक्यात ठेवला की इथली प्रतीकं लगेच कळतात, कारण त्यातली बरीचशी स्वतःचं राज्य नसताना लोकांनी जपलेली आहेत.

झेंडा निळा-काळा-पांढरा, तीन आडवे पट्टे. हे मुळात टार्टू विद्यापीठातल्या एस्टोनियन विद्यार्थ्यांच्या संघटनेचे रंग, १८८१ मध्ये ठरवलेले. ४ जून १८८४ ला ओटेपे गावात त्यांच्या रेशमी झेंड्याला रीतसर आशीर्वाद दिला गेला, म्हणून ४ जून हा तिथे आजही झेंड्याचा दिवस. निळा आकाशाचा, काळा मातीचा आणि सोसलेल्या काळाचा, पांढरा बर्फाचा आणि आशेचा, असा अर्थ सांगतात. सोव्हिएत काळात हा झेंडा लावणं म्हणजे तुरुंगाला आमंत्रण. १८८४ चा तो मूळ झेंडा १९४३ मध्ये एका शेतघराच्या चिमणीच्या बांधकामात दडवून ठेवला होता आणि १९९१ मध्ये बाहेर काढला. जवळजवळ पन्नास वर्षं रेशमाचं ते कापड विटांच्या आड होतं आणि बाहेर मात्र ते रंग दाखवायलाही बंदी. आता तो टार्टूच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. राजमुद्रेवर सोनेरी ढालीत तीन निळे सिंह आहेत, ते डॅनिश राजवटीतून आलेले, म्हणजे १३ व्या शतकापासूनचे.

पण एस्टोनियाचा खरा जीव गाण्यात आहे आणि माझ्या मते बाकी सगळी प्रतीकं त्यानंतर येतात. लाउलुपिदू म्हणजे गाण्याचा उत्सव. पहिला १८६९ मध्ये टार्टूला झाला, तिथल्या शेतकऱ्यांची वेठबिगारी संपून पन्नास वर्षं झाली म्हणून. पुढाकार योहान वोल्देमार यानसेन या वर्तमानपत्र चालवणाऱ्या माणसाचा. तेव्हा फक्त पुरुष गायचे, साधारण आठशे गायक आणि वादक. त्याच उत्सवात यानसेनने लिहिलेलं एक गीत म्हटलं गेलं, तेच पुढे १९२० मध्ये राष्ट्रगीत झालं, आणि त्याची मुलगी लिडिया कोइडुला हिची 'माझी मायभूमी, माझं प्रेम' अशा अर्थाची कवितासुद्धा तिथेच गायली गेली. बापाचं गीत आणि लेकीचं गीत, दोन्ही एकाच उत्सवातून निघाली.

राष्ट्रगीताची चाल फ्रेडरिक पासियसची आणि फिनलंडच्या राष्ट्रगीताचीही चाल तीच आहे. सोव्हिएत काळात एस्टोनियात हे गीत बंद, पण उत्तरेकडच्या लोकांना फिनिश रेडिओवर दिवसाचा कार्यक्रम संपताना ती चाल ऐकू यायची, आणि ऐकणाऱ्याला शब्द पाठच होते.

लेकीच्या कवितेला गुस्ताव एर्नेसाक्सने नवी चाल दिली आणि ती १९४७ च्या उत्सवात पहिल्यांदा गायली गेली. सोव्हिएत सरकारने उत्सव चालू ठेवला होता, पण लेनिन-स्टालिनचं गुणगान त्यात घालून, आणि नंतर हे गाणं कार्यक्रमातून काढून टाकलं. १९६० मध्ये कार्यक्रमात नसतानाही लोकांनी ते आपणहून म्हटलं, १९६५ पासून ते परत अधिकृत यादीत आलं. तेव्हापासून उत्सवाचा शेवट याच गाण्याने होतो, सगळे उभे राहतात, स्टेजवरचे आणि समोरच्या हिरवळीवरचेही.

१९८८ च्या उन्हाळ्यात टालिनच्या लाउलुवॅल्याक या मैदानात लोक रात्ररात्र गात बसले, बंदी असलेले झेंडे उघड फडकायला लागले, आणि सप्टेंबरच्या सभेला तर सुमारे तीन लाख लोक जमले असं सांगतात. या सगळ्याला पुढे गाण्याची क्रांती हेच नाव पडलं. २३ ऑगस्ट १९८९ ला एस्टोनिया, लाटविया, लिथुआनियाच्या लोकांनी हातात हात धरून टालिनपासून व्हिल्नियसपर्यंत सुमारे ६०० किलोमीटरची साखळी केली. उत्सव आता साधारण पाच वर्षांनी होतो, गायक तीस हजारांच्या घरात असतात. तिन्ही देशांची ही परंपरा युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आहे, आणि व्होरुमा भागातली धुराची सौना, म्हणजे गरम वाफेचं न्हाणीघर, ती पण.

राष्ट्रीय पक्षी माळभिंगरी, ती शेतघराच्या आढ्याला मातीचं घरटं करते आणि तिला मारलं तर आंधळेपण येतं अशी जुनी समजूत आहे (हा पक्षी हिवाळ्यात आपल्याकडेही तारांवर रांगेने बसलेला दिसतो, एस्टोनियातले मात्र आफ्रिकेत जातात). राष्ट्रीय फूल रुक्कीलिल, शब्दशः रायचं फूल (राय म्हणजे गव्हासारखं एक धान्य), रायच्या शेतात उगवणारं निळंशार. दगड चुनखडीचा, टालिनची जुनी तटबंदी त्याचीच. आणि राय म्हटलं की काळी भाकरी आलीच, आंबवलेली, जड, किंचित आंबट. कुणी जेवत असेल तर 'यॅत्कू लेइबा' म्हणायचं, म्हणजे तुझी भाकरी पुरो. तुकडा खाली पडला तर उचलून त्याचं चुंबन घ्यायची जुनी रीत होती, आपण अन्नाला पाय लागला की नमस्कार करतो तसंच.

टालिनच्या पिक हेरमान बुरुजावर २४ फेब्रुवारी १९८९ ला निळा-काळा-पांढरा झेंडा परत चढला, अजून सोव्हिएत युनियन जागेवर असताना. आज तिथे रोज सकाळी झेंडा चढताना राष्ट्रगीताची चाल वाजते आणि संध्याकाळी उतरताना कोइडुलाच्या गाण्याची.