पालिकेच्या फायलीत 'रेझिलिअन्स' कुठून आला? : पार्श्वभूमी

हल्ली कुठल्याही पालिकेचा किंवा (इंग्लंडमधल्या) कौन्सिलचा जैवविविधता आराखडा उघडला की पहिल्या दोन पानांत 'रेझिलिअन्स' (ढोबळमानाने, धक्का सोसून टिकायची ताकद) हा शब्द सापडतोच. पक्षी, किडे, पाणथळ जागा हे सगळं नंतर. हा क्रम असा का झाला ते समजायला थोडं मागे जावं लागतं, फार मागे नाही.

1992 ला रिओमध्ये जैवविविधता करार सह्यांसाठी खुला झाला, पण सह्या करणारे होते देश. त्याच परिषदेत अजेंडा 21, म्हणजे शाश्वत विकासाचा कृती कार्यक्रम आला आणि त्याच्या 28व्या प्रकरणात स्थानिक संस्थांना सांगितलं गेलं की 1996 पर्यंत आपापल्या लोकांशी बोलून स्थानिक अजेंडा ठरवा. म्हणजे प्रजाती एका टेबलावर आणि पालिका दुसऱ्या टेबलावर. बऱ्याच गावांनी अजेंडे केले, त्यात कचरा होता, सायकली होत्या, वीजबचत होती, जैवविविधता बहुतेक ठिकाणी बाग खात्याकडेच राहिली.

करारवाल्यांना शहरं दिसायला 2008 उजाडलं. कराराच्या बॉनमधल्या बैठकीत शहरं आणि स्थानिक सरकारं यांच्यावर पहिला वेगळा निर्णय झाला, तिथेच सिंगापूरने शहरांची जैवविविधता मोजणारा निर्देशांक सुचवला (आधी 23 निकष होते, आता 28), आणि 2010 ला जपानमधल्या नागोयात स्थानिक सरकारांसाठीचा 2020 पर्यंतचा कृती आराखडा मंजूर झाला. कागद चांगला होता पण ऐच्छिक. देशांनी आपल्या पालिकांना प्रोत्साहन द्यावं, बस.

कायद्याने सक्ती केली तर काय होतं याचं उदाहरण भारतात आहे. 2002 च्या कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता समिती आणि तिने करायची लोक जैवविविधता नोंदवही असं ठरलं. सतरा वर्षं निवांत गेली. मग 2019 ला हरित लवादाने 31 जानेवारी 2020 ची मुदत घातली, नाहीतर राज्याला महिना 10 लाख दंड, आणि समित्यांचा आकडा बघता बघता अडीच लाखांच्या पुढे गेला. कागदावर. काही गावांनी आपलं बियाणं, कंदमुळं, औषधी झाडं खरंच बसून लिहून काढली, नाही असं नाही, पण घाईत भरलेल्या वह्या कशा दिसतात ते ज्यांनी पाहिल्यात त्यांना वेगळं सांगायला नको.

आता मुख्य गुंता, म्हणजे तो शब्द. मराठीत कोणी लवचीकता म्हणतं, कोणी तग धरणं, कोणी चिवटपणा, आणि तिघांचा अर्थ वेगळा निघतो, पण घोळ भाषांतराचा नाही, मुळातलाच आहे. 1973 ला एका कॅनेडियन इकॉलॉजिस्टने हा शब्द परिसंस्थांना लावला तेव्हा त्याचा मुद्दा होता की धक्का किती पचवला की व्यवस्था आपलं रूपच बदलते. तळ्यात घाण साचत जाते, दिसायला ते ठीक असतं, आणि एक दिवस शेवाळाचं होऊन बसतं, सहजासहजी परत येत नाही. इंजिनिअर मंडळींचा अर्थ दुसराच, वाकलं की किती लवकर सरळ होतं. पहिल्यात प्रश्न असतो की आपण काठाच्या किती जवळ आहोत, दुसऱ्यात प्रश्न असतो की लाईट किती तासांत आली. स्थानिक सरकारांनी उचलला तो दुसरा अर्थ, आणि ते समजण्यासारखं आहे, कारण तास मोजता येतात आणि पुढच्या निवडणुकीत सांगता येतात.

शब्दाबरोबर पैसाही आला, तोही आपत्ती आणि हवामानाच्या खात्यातून. 2005 च्या ह्योगो आराखड्याच्या (आपत्तींचा धोका कमी करायचा जागतिक आराखडा) नावातच समुदायांचा रेझिलिअन्स होता. 2013 ला एका अमेरिकन फाउंडेशनने 100 शहरांसाठी कार्यक्रम काढला, शहरांना 'चीफ रेझिलिअन्स ऑफिसर' मिळाले, 2019 ला तो बंदही झाला. कोपनहेगनमध्ये 2 जुलै 2011 ला दोन-तीन तासांत साधारण 150 मिमी पाऊस कोसळला, पुढच्या वर्षी ढगफुटी आराखडा आला आणि बागा, चौक, रस्ते सगळे पाणी थोपवायच्या कामाला लागले. चीनने 'स्पंज सिटी' (पावसाचं पाणी शोषून घेणारं शहर) काढली, 2015 ला पहिली 16 शहरं. मात्र स्पंजवर भरपूर खर्च केलेल्या चेंगचौमध्ये 20 जुलै 2021 ला एका तासात 201.9 मिमी पडला आणि मेट्रोत माणसं बुडून गेली. तेवढा पाऊस कुठलंच तळं पिणार नव्हतं हे खरं, पण निसर्गाला पंपाच्या जागी बसवलं की तो पंपासारखाच नापास ठरतो, हेही तितकंच खरं.

माझी खरी तक्रार इथे आहे. झाड पूर अडवतं म्हणून लावलं तर कुठलं झाड याला महत्त्व राहत नाही. 2004 च्या त्सुनामीनंतर श्रीलंकेत किनारपट्टीभर खारफुटी लावली गेली, जागा चुकली, खोली चुकली, आणि बहुतेक ठिकाणची रोपं मेली. हिशोबात रोपांची संख्या होती, ती गाठली गेली.

'समुदायाचा' हा शब्द जोडला की अजून एक पेच. न्यू ऑर्लिन्समध्ये कतरिना वादळ आणि मग तेलगळतीनंतर पोस्टर लागले होते की आम्हाला रेझिलिअन्ट म्हणणं थांबवा, कारण म्हटलं की अजून काहीतरी आमच्यावर लादायची सोय होते. पावसानंतर शहराच्या 'स्पिरिट'चं कौतुक होतं ना, तोच प्रकार. अर्थात दुसरी बाजूही आहे. हा शब्द नसता तर कित्येक पालिकांत पाणथळ जागेला बजेटची ओळच मिळाली नसती.

2020 नंतर गाडी जरा जोरात आहे. एडिनबरा जाहीरनाम्यात स्थानिक सरकारांनी आम्हालाही टेबलावर घ्या म्हटलं, डिसेंबर 2022 ला माँट्रियलमध्ये जैवविविधता कराराची 23 उद्दिष्टं ठरली, त्यातलं 12वं थेट शहरातल्या हिरव्या-निळ्या (झाडांच्या आणि पाण्याच्या) जागांचं, आणि सोबत 2030 पर्यंतचा नवा स्थानिक आराखडा. तोही ऐच्छिकच. सक्तीचा प्रयोग इंग्लंडमध्ये चालू आहे. 12 फेब्रुवारी 2024 पासून मोठ्या बांधकामांनी (छोट्यांनी एप्रिलपासून) आधी होतं त्यापेक्षा 10 टक्के जास्त निसर्ग करून दाखवायचा, जागेवर नाही जमलं तर दुसरीकडे, आणि तो 30 वर्षं सांभाळायचा. तपासायचं कौन्सिलने, आणि अनेक कौन्सिलांकडे स्वतःचा इकॉलॉजिस्टच नाही. त्यामुळे पहिल्या मंजुऱ्यांमध्ये जे कुरण नकाशावर दाखवलंय ते जमिनीवर टिकलं का, याचा पूर्ण हिशोब 2054 च्या आधी काही लागत नाही.