शाळेचा संघ आणि घोडा कुणाचा: आंतरशालेय घोडेस्वारी स्पर्धांची पार्श्वभूमी

आंतरशालेय घोडेस्वारी स्पर्धेच्या गुणपत्रकात शाळेच्या नावाखाली तीन किंवा चार स्वारांची नावे असतात आणि प्रत्येक स्वाराच्या नावासमोर घोड्याचेही नाव लिहिलेले असते. दुसऱ्या कोणत्याही शालेय खेळात असे होत नाही. चेंडू, जाळी, मैदान ही शाळेची सामग्री असते. घोडा मात्र सामग्री नसतो, तो जोडीदार असतो, आणि बहुतेक वेळा तो शाळेचा नसतोच. या स्पर्धांची आजची घडण समजून घ्यायची असेल, तर तीन वेगवेगळे प्रवाह पाहावे लागतात. मुले ज्या कसोट्या देतात त्या सैन्यातून आल्या, मुलांना घोड्यावर बसवण्याची शिस्तबद्ध पद्धत पोनी क्लबांनी घालून दिली, आणि शाळा या दोन्हींच्या नंतर, बरीच उशिरा आली.

घोडेस्वारी शिकवता येते आणि ती लिहूनही ठेवता येते, ही कल्पना मात्र फार जुनी आहे. ग्रीक सेनानी आणि लेखक झेनोफोन याने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात घोडेस्वारीवर एक पुस्तिका लिहिली. घोडा कसा पारखावा, त्याचे खूर कसे असावेत, मोतद्दाराने त्याच्याशी कसे वागावे, इथपासून ती सुरू होते. घोड्याजवळ रागाने जाऊ नये आणि जबरदस्तीने करून घेतलेल्या गोष्टीत घोड्याची समज नसते, हे त्याचे म्हणणे आजचा कोणताही प्रशिक्षक पहिल्याच आठवड्यात मुलांना सांगतो. मधल्या काळात ही सौम्यता टिकली नाही. 1550 साली नेपल्सच्या फेदेरिको ग्रिझोने याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला, तेव्हा अडेल घोड्याला वठणीवर आणण्याचे त्यातले उपाय क्रूर होते. पुढे फ्रान्समध्ये आंत्वान द प्ल्युविनेल याने पुन्हा संयमाचा मार्ग धरला आणि 1594 साली पॅरिसमध्ये अकादमी काढली. तेथे सरदारांच्या मुलांना घोडेस्वारीबरोबर तलवारबाजी, नृत्य आणि गणितही शिकवले जाई. शिक्षणसंस्थेत घोडेस्वारी हा एक विषय म्हणून कसा बसतो, याचे मला सापडणारे पहिले स्पष्ट उदाहरण हे आहे. अर्थात तो विषय कुणासाठी होता, हेही त्यातच दिसते.

आजच्या आंतरशालेय स्पर्धेतील ड्रेसाज, क्रॉस कंट्री आणि शो जंपिंग या तिन्ही कसोट्या घोडदळाच्या गरजांतून घडल्या. ड्रेसाज म्हणजे आखलेल्या आयताकृती मैदानात ठरलेल्या क्रमाने चाल, दुडकी आणि कँटर (दुडकीहून वेगवान, लयबद्ध दौड) यांचे आविष्कार करणे. त्यात प्रत्येक हालचालीला 0 ते 10 गुण असतात. कवायतीच्या मैदानावर घोडा शांत आणि आज्ञाधारक आहे की नाही, हे पाहण्याची ती पद्धत होती. क्रॉस कंट्री ही निरोप घेऊन अनोळखी मुलुखातून दौडत जाणाऱ्या स्वाराची परीक्षा. शेवटचे जंपिंग हे आदल्या दिवसाच्या श्रमानंतरही घोडा कामाला लायक उरला आहे का, हे तपासण्यासाठी होते. तिन्ही मिळून होणाऱ्या स्पर्धेला आज इव्हेंटिंग म्हणतात, पण युरोपात तिचे नाव दीर्घकाळ ‘मिलिटरी’ असेच होते. 1912 साली स्टॉकहोमच्या ऑलिंपिकमध्ये ही स्पर्धा प्रथम झाली, तेव्हा ती सेवेत असलेल्या अधिकाऱ्यांसाठीच होती. स्वतंत्र स्पर्धा म्हणून उडीचा इतिहास थोडा वेगळा आहे. 1868 साली डब्लिनच्या प्रदर्शनात उंच आणि लांब उडीच्या लढती झाल्या, त्या शिकारी घोड्यांची ताकद दाखवण्यासाठी.

उडी मारताना बसायचे कसे, हा प्रश्न मात्र विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर सुटला. मराठीत ‘मांड’ हा एकच शब्द स्वाराच्या बैठकीचे सगळे मर्म सांगतो, आणि त्या काळी युरोपातल्या स्वारांची उडीवरची मांड चुकीची होती. अडथळ्यावरून जाताना ते मागे रेलत, लगाम ओढला जाई, घोड्याच्या तोंडाला आणि पाठीला इजा होई. इटलीच्या घोडदळातील अधिकारी फेदेरिको काप्रिल्ली याने मोकळा सुटलेला घोडा उडी मारताना मान आणि पाठ कशी वापरतो हे पाहिले आणि स्वाराने पुढे झुकून, रिकिबीवर भार देऊन त्या हालचालीला वाट करून द्यावी, अशी पद्धत बसवली. 1907 साली तो अकाली वारला, पण आज पहिल्यांदा आडवा बांबू ओलांडणाऱ्या मुलाला जे शिकवतात ते त्याचेच शिक्षण आहे. मुलांच्या दृष्टीने हा बदल मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. जुन्या पद्धतीत घोड्याला ताब्यात ठेवायला मनगटाचा जोर लागे. नव्या पद्धतीत तोल लागतो, आणि तोल बारा वर्षांच्या मुलीकडेही असू शकतो.

तरीही घोडेस्वारीच्या मोठ्या स्पर्धांचे दार बराच काळ दर्जा पाहून उघडले जाई. 1948 साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये स्वीडनच्या संघाने ड्रेसाजचे सांघिक सुवर्ण जिंकले. त्या संघातील गेनेल पेर्सन हा मुळात सार्जंट होता. नियमाप्रमाणे कमिशनप्राप्त अधिकारीच चालत असल्याने त्याला स्पर्धेपुरती बढती देण्यात आली होती आणि स्पर्धा संपताच तो पूर्वीच्या हुद्द्यावर गेला. हे उघडकीस आल्यावर 1949 साली स्वीडनचे पदक काढून घेण्यात आले. त्याचा घोडा तोच होता, गुण तेच होते, कमी पडला तो खांद्यावरचा बिल्ला. हा नियम पुढच्या ऑलिंपिकपर्यंत टिकला नाही. 1952 साली हेलसिंकीत सैन्याबाहेरच्या स्वारांना आणि ड्रेसाजमध्ये स्त्रियांनाही प्रवेश मिळाला; पेर्सन परत आला आणि स्वीडनने सुवर्ण पुन्हा जिंकले. त्याच स्पर्धेत डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांनी वैयक्तिक रौप्यपदक मिळवले. पोलिओमुळे त्यांचे पाय गुडघ्यांखाली निकामी झाले होते आणि घोड्यावर चढण्या-उतरण्यासाठी त्यांना मदत घ्यावी लागे. 1956 साली जंपिंगमध्ये ब्रिटनच्या पॅट स्माइथ यांनी सांघिक कांस्य जिंकले, आणि 1964 साली टोकियोत अमेरिकेच्या लाना ड्यू पाँट इव्हेंटिंगमध्ये उतरणाऱ्या पहिल्या स्त्री ठरल्या. आज अनेक देशांतल्या शालेय संघांत मुलींची संख्या मुलांपेक्षा जास्त असते. ज्या खेळात त्यांच्या आज्यांच्या तरुणपणी स्त्रियांना ऑलिंपिकची जागाच नव्हती, त्याच खेळात स्त्री आणि पुरुष आता एकाच यादीत, एकाच गुणपद्धतीने लढतात, हा पालट एका आयुष्याच्या अवधीत झाला आहे.

घोडदळे मोडीत निघत असताना दुसरा प्रवाह वाढत होता. 1929 साली ब्रिटनमध्ये पोनी क्लबची स्थापना झाली. त्याच्या शाखा सुरुवातीला शिकारी मंडळांच्या क्षेत्रांना जोडलेल्या होत्या, म्हणजे त्याचीही मुळे जमीनदार वर्गातच होती. पण शिकवण्याची पद्धत सर्वांसाठी एकसारखी ठेवण्याचा आग्रह त्याने धरला. डी, सी, बी, ए अशा चढत्या परीक्षा ठरल्या आणि त्या परीक्षांत नुसती मांड पाहिली जात नसे. खरारा, खुरांची निगा, चारापाणी, खोगिराची देखभाल, आजारी घोडा ओळखणे, हे सगळे त्यात आले. घोड्याची चाकरी न करता स्वार होता येत नाही, हा विचार मुलांच्या अभ्यासक्रमात पक्का बसवण्याचे श्रेय मी पोनी क्लबलाच देईन. 1939 साली ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्समधील इंगलबर्न येथे आणि पुढे 1954 साली अमेरिकेत राष्ट्रीय पातळीवर अशीच संघटना उभी राहिली.

या क्लबांमधील खेळांना ब्रिटनमध्ये ‘जिमखाना’ म्हणतात, आणि हा शब्द आपल्याकडून तिकडे गेला आहे. ‘गेंदखाना’ या शब्दावर जिम्नॅस्टिक्सची छाप पडून तो तयार झाला असे मानले जाते. 1861 साली रुरकीला निघालेल्या जिमखान्याचा उल्लेख जुन्या शब्दकोशात आहे. भारतात तो क्रीडासंस्थेचे नाव झाला आणि ब्रिटनमध्ये तट्टांवरच्या शर्यतींचे: खांबांमधून नागमोडी धावणे, घोडा न थांबवता झेंडा उचलणे, जोडीदाराच्या हाती दांडी देणे. या खेळांना मोठे व्यासपीठ मिळाले ते 1957 साली. सामान्य तट्टू बाळगणाऱ्या मुलांसाठी एखादी सांघिक स्पर्धा असावी, अशी इच्छा प्रिन्स फिलिप यांनी व्यक्त केली आणि ‘हॉर्स ऑफ द इयर शो’चे प्रवर्तक कर्नल माइक अँसेल यांनी ती प्रत्यक्षात आणली. उमदे, महाग जनावर नसलेल्या मुलाला जिंकता येईल का, हा प्रश्न इथे प्रथमच स्पर्धेच्या रचनेच्या केंद्रस्थानी आला. अँसेल स्वतः युद्धात दृष्टी गमावलेले घोडदळाचे अधिकारी होते, आणि तिथे मला सैन्याचा व मुलांचा असे दोन्ही प्रवाह एकत्र येताना दिसतात.

शालेय संघात चार स्वार आणि हिशेबात तीन गुण, ही सोय बहुतेक ठिकाणी आढळते. तिचे कारण घोड्याच्या नाजूकपणात आहे. 1960 साली रोमच्या ऑलिंपिकमध्ये इव्हेंटिंगच्या संघात चार स्वार आणि सर्वोत्तम तिघांचे गुण अशी पद्धत होती. ऑस्ट्रेलियाचा एक घोडा क्रॉस कंट्रीनंतर लंगडा झाला आणि चौथा स्वार, 45 वर्षांचे बिल रॉयक्रॉफ्ट, पडून जखमी होऊन रुग्णालयात होते. त्यांच्याशिवाय तीन गुण पुरे होत नव्हते. ते रुग्णालयातून उठून आले, घोड्यावर बसवले गेले, अडथळे एकही न पाडता ओलांडले, आणि ऑस्ट्रेलियाला सांघिक सुवर्ण मिळाले. ही कथा तिकडच्या मुलांना अभिमानाने सांगितली जाते. तिचा अभिमान मलाही समजतो, पण मुलांच्या संघासाठी तिच्यातून घ्यायचे ते उलट आहे: चौथा गुण सोडता यावा म्हणजे लंगडणाऱ्या घोड्याला आणि डोक्याला मार लागलेल्या मुलाला मैदानावर पुन्हा उतरवण्याचा मोह कुणाला होऊ नये.

सुरक्षेचे नियम जे आज प्रत्येक शालेय स्पर्धेत दिसतात, ते दुर्दैवाने अपघातांनीच लिहून घेतले आहेत. 1999 या एका वर्षात ब्रिटनमध्ये इव्हेंटिंगमध्ये पाच स्वारांचा मृत्यू झाला. क्रॉस कंट्रीचे अडथळे पक्के, न हलणारे असतात. घोड्याचा पुढचा पाय अडला की तो उलटून स्वारावर पडू शकतो. त्यानंतर आघात होताच सुटणाऱ्या खुंट्या बसवण्याचे तंत्र विकसित झाले, म्हणजे ओंडका खाली पडतो आणि घोडा उलटत नाही. 2016 साली ऑस्ट्रेलियात दोन वेगवेगळ्या स्पर्धांमध्ये, काही आठवड्यांच्या अंतराने, दोन तरुण मुलींचे असेच प्राण गेले, आणि न्यायालयीन चौकशीत अडथळ्यांची आखणी व वैद्यकीय व्यवस्था यांची बारकाईने तपासणी झाली. शिरस्त्राण, छातीचे संरक्षक जाकीट, पडल्यावर फेरी तेथेच संपणे, वर्गवारीनुसार अडथळ्यांच्या उंचीची कमाल मर्यादा, या गोष्टी मुलांना कधी जाचक वाटतात. त्यांच्यामागे कुणाची तरी मुले आहेत, हे त्यांना सांगितले पाहिजे.

शाळा या खेळात संघ म्हणून उतरल्यावर, सुरुवातीचा प्रश्न पुन्हा समोर येतो: घोडा कुणाचा? याची दोन उत्तरे रूढ झाली. ऑस्ट्रेलियात विद्यार्थी आपला घोडा स्वतः आणतो आणि शाळेचे नाव व रंग धारण करतो. तेथे प्राथमिक व माध्यमिक गटांच्या राज्य पातळीवरील स्पर्धांतून राष्ट्रीय आंतरशालेय स्पर्धेसाठी राज्यांचे संघ निवडले जातात. या पद्धतीत घोडा आणि मूल यांची वर्षानुवर्षांची जोडी असते, आणि ड्रेसाजमधले नाजूक काम अशाच जोडीकडून होते. पण घोडा पोसण्याचा, त्याच्या नालबंदीचा, पशुवैद्याचा आणि वाहतुकीचा भार कुटुंबावर येतो. शाळेत घोडेस्वारीचा संघ आहे म्हणून प्रत्येक विद्यार्थ्याला त्यात शिरता येतेच असे नाही.

दुसरे उत्तर अमेरिकेतून आले. 1967 साली रॉबर्ट काच्योनी या विद्यार्थ्याने फेअरली डिकिन्सन विद्यापीठात आंतरमहाविद्यालयीन घोडेस्वारी संघटना सुरू केली. तिचा नियम साधा होता: कुणीही आपला घोडा आणायचा नाही. यजमान संस्था घोडे पुरवते, स्वार चिठ्ठी काढतो, आणि ज्या घोड्याचे नाव निघेल त्यावर सरावाशिवाय बसून मैदानात उतरतो. नुकतेच शिकू लागलेल्यांसाठी केवळ चाल आणि दुडकी यांचा वेगळा गट ठेवला गेला, आणि त्या नवशिक्याने मिळवलेला गुण संघाच्या बेरजेत वरच्या गटातल्या स्वाराच्या गुणाइतकाच धरला जाऊ लागला. 2002 साली हीच रचना शालेय वयाच्या मुलांसाठी आणणारी संघटना तेथे स्थापन झाली.

या पद्धतीतही उणीव आहे. अनोळखी घोड्यावर काही मिनिटांत जे साधते त्याला मर्यादा असते, आणि चिठ्ठीत आलेला घोडा शांत की तापट, यावर निकाल थोडा झुकतोच. तरी शाळेच्या संघासाठी मला हीच पद्धत अधिक न्याय्य वाटते, कारण इथे मुलाची मांड आणि हात तपासले जातात, घरचा तबेला नाही. तिच्यामुळे मैदानाबाहेरचे वागणेही बदलते. घोडे देणारी संस्था सकाळी प्रत्येक घोड्याचा स्वभाव सर्व शाळांना समजावून सांगते: याला टाच हलकी लावा, त्याचा लगाम ओढू नका, ही घोडी दुसऱ्या घोड्याच्या फार जवळ नेऊ नका. मग तीच घोडी सकाळी एका शाळेच्या मुलीला पाठीवर घेते आणि दुपारी तिच्या प्रतिस्पर्धी शाळेच्या मुलाला, आणि मधल्या वेळात उतरलेली मुलगी तिचा कासरा त्याच्या हाती देताना, ती कोणत्या वळणावर बुजते हे त्याला सांगून जाते.