परावटू ग्रंथींचे विकार व मानसिक लक्षणे

परावटू (पॅराथायरॉइड) ग्रंथींच्या बिघाडामुळे रक्तातील कॅल्शियम वाढून अथवा घटून उद्भवणारी विषण्णता, चिंता, संभ्रम इ. लक्षणे. गळ्यातील अवटू (थायरॉइड) ग्रंथीच्या मागे चिकटलेल्या या ग्रंथी बहुधा चार असून प्रत्येकीचे वजन सु. 30 ते 50 मिग्रॅ. भरते.

शोधाच्या श्रेयाबद्दल मतभेद आहेत. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात 1849 मध्ये मेलेल्या भारतीय गेंड्याचे विच्छेदन करताना इंग्लिश शरीररचनाशास्त्रज्ञ रिचर्ड ओएन यांना अवटूलगत एक लहान पिवळसर पिंड आढळला. त्यांच्या निबंधाचे प्रकाशनवर्ष काही लेखक 1852, तर काही 1862 देतात. ओएन यांनी पिंडाला नाव दिले नाही. स्वीडनच्या ईवार सांडस्ट्रोम यांनी 50 मानवी शवे तपासून 1880 मध्ये या ग्रंथींचे सविस्तर वर्णन केले, नावही दिले. तेव्हा श्रेय त्यांचेच मानणे अधिक रास्त. पुढे मानसिक आजाराने ग्रासलेल्या सांडस्ट्रोम यांनी 1889 मध्ये आत्महत्या केली.

प्रौढांत कॅल्शियम सामान्यतः दर डेसिलिटरला 8.5 ते 10.5 मिग्रॅ. असते. परावटू ग्रंथींचे संप्रेरक (हार्मोन) ते वाढवते, म्हणून त्याच्या अतिस्रावात ते चढते. पीटरसन यांनी 1968 मध्ये 54 रुग्णांवरून असे मांडले, की 12 ते 16 मिग्रॅ. पर्यंत निरुत्साह व विषण्णता, 16 ते 19 पर्यंत संभ्रम व भास आणि त्यापुढे ग्लानी व बेशुद्धी दिसते. या सीमा काटेकोर मानू नयेत. वृद्धांत थोड्या वाढीनेही विस्मृती व गोंधळ होतो.

अल्पस्राव बहुधा अवटूच्या शस्त्रक्रियेनंतर होतो व त्यात कॅल्शियम घटते. ओठांभोवती व बोटांना मुंग्या येतात, जीव घाबरा होतो, क्वचित भ्रम व झटके येतात. रक्तदाबाचा पट्टा दंडावर सु. तीन मिनिटे फुगवून ठेवला, की अंगठा तळव्याकडे वळतो, बोटे ताठ जुळतात आणि मनगट वाकते. ‘मनाचे आहे’ म्हणून अशा रुग्णाला परत पाठवणे हा त्याच्यावर अन्यायच होय.

मुंबईत अतिस्रावाचा रुग्ण आधी मानसोपचाराच्या ओपीडीत आला, तर ‘मन लागत नाही’ या तक्रारीसोबत बद्धकोष्ठ, सारखी तहान व मुतखडा यांचीही चौकशी व्हावी. तो लिथियम (मनःस्थितीच्या विकारांवरील औषध) घेत असल्यास कॅल्शियम वेळोवेळी तपासावे, कारण या औषधाने ते वाढू शकते. ड जीवनसत्त्वाच्या इंजेक्शनांचा अतिरेक झाल्यावरही ते वाढते, मात्र तेव्हा परावटू संप्रेरक कमी आढळते. रक्त घेताना दंडाचा पट्टा फार वेळ आवळून ठेवल्यास कॅल्शियमचा आकडा खोटाच चढतो.