पन्नास मिनिअन आणि वर्गाचा हिशोब

समोर ३० शत्रू, आपल्याकडे ४० शिपाई, आणि एकास एक सारखेच तगडे. चाळीसही एकदम सोडले तर शत्रू संपेल तेव्हा आपले साधारण २६ उभे असतात. तेच ४० जण वीस-वीस करून एकामागून एक पाठवले, तर चाळीसच्या चाळीस कामी येतात आणि वर शत्रूचे १० शिल्लक राहतात.

‘ओव्हरलॉर्ड’ खेळणाऱ्या नवख्याची फौज बहुतेकदा अशीच संपते. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या ट्रायम्फ स्टुडिओजचा हा २००७ मधला फँटसी अ‍ॅक्शन गेम. यात खेळाडू स्वतः तलवार चालवतो खरा, पण खरी ताकद त्याच्या मिनिअनांची, म्हणजे त्याच्या हुकमावर लढणाऱ्या छोट्या शिपायांची. मारलेल्या प्राण्यातून जीवशक्तीचा गोळा निघतो. एक गोळा म्हणजे एक मिनिअन. सुरुवातीला पाचच बाळगता येतात, पुढे मर्यादा वाढत वाढत ५० वर जाते. म्हणून बरेच जण मेंढ्या मारून साठा वाढवत बसतात. साठा हवाच, पण लढाई ठरते ती एका क्षणाला किती जण एकत्र घाव घालताहेत यावर.

याचं गणित फ्रेडरिक लँचेस्टर या ब्रिटिश मोटार-अभियंत्यानं पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला, १९१४ मध्ये मांडलं. रशियात ओसिपोव्ह यांनी १९१५ मध्ये स्वतंत्रपणे तेच गाठलं. मुद्दा असा: माझे किती पडतील हे तुझ्या संख्येवर अवलंबून, आणि तुझे किती पडतील हे माझ्या. ज्याची संख्या जास्त तो समोरच्याला भराभर कमी करतो. समोरचा कमी झाला की त्याचा मारा मंदावतो. म्हणजे आपलं नुकसान आणखी घटतं. या चक्रामुळे सैन्याची ताकद संख्येच्या पटीत वाढत नाही, संख्येच्या वर्गाच्या पटीत वाढते.

वरचा हिशोब कागदावर करून पाहा. ४० चा वर्ग १६००, ३० चा ९००. वजाबाकी ७००, त्याचं वर्गमूळ २६ च्या जरा वर. आता तुकड्या: ९०० वजा ४०० म्हणजे ५००. दुसरी तुकडी पुन्हा ४०० खाते, उरतात १००, आणि १०० चं वर्गमूळ १०. लँचेस्टरनं हाच हिशोब १८०५ च्या ट्रफाल्गरच्या आरमारी लढाईपूर्वी ब्रिटिश नौसेनानी नेल्सननं आखलेल्या आराखड्याला लावला. आपली ४० जहाजं, शत्रूची ४६. सरळ रांगेत भिडलं तर १६०० विरुद्ध २११६, म्हणजे हार. पण शत्रूची रांग मधोमध तोडून एका अर्ध्यावर ३२ जहाजं घातली आणि दुसऱ्या अर्ध्याला ८ जहाजांनी नुसतं गुंतवून ठेवलं, तर ३२ आणि ८ च्या वर्गांची बेरीज १०८८, विरुद्ध शत्रूच्या २३-२३ च्या दोन अर्ध्यांची १०५८. निसटता का होईना, पण विजय. (प्रत्यक्ष लढाईत दोन्हीकडची जहाजं याहून कमी होती.) १९५४ मध्ये एंगेल यांनी दुसऱ्या महायुद्धातल्या इवो जिमाच्या लढाईतले अमेरिकी सैन्याचे आकडे या समीकरणांशी ताडून पाहिले, आणि ते चांगले जुळले.

गेममध्ये याचा पहिला परिणाम बोटांवर. हल्ल्याचं बटण नुसतं टिचकावत राहिलं की मिनिअन एकेक करून धावतात आणि एकेक करून मरतात. त्याऐवजी गेमपॅडच्या उजव्या स्टिकनं सगळा घोळका एकत्र सरकवत शत्रूपर्यंत न्यावा आणि मगच मोकळं सोडावं.

वर्गाचा नियम मात्र एका अटीवर चालतो: प्रत्येकाला घाव घालायला जागा हवी. अरुंद वाटेत पुढचे चारच लढतात, मागचे नुसते रेटारेटी करतात. तिथे वर्ग मोडतो आणि साधी वजाबाकी उरते: ४० विरुद्ध ३० मध्ये २६ नव्हे, १० वाचतात. संख्येनं कमी असणाऱ्यानं खिंड धरावी ती यासाठीच. बाजीप्रभूंची घोडखिंड मराठी वाचकाला सांगायला नको. ‘ओव्हरलॉर्ड’मध्ये खिंड धरायची तर तोंडाशी ब्राऊन ठेवावेत (मिनिअनांचे प्रकार रंगावरून ओळखतात; ब्राऊन म्हणजे जवळून लढणारे) आणि मागच्या उंचवट्यावर गार्ड मार्कर, म्हणजे ‘इथेच थांबा’ अशी खूण, लावून रेड बसवावेत. रेड लांबून आगीचे गोळे फेकतात, त्यामुळे आपले सगळे मारा करतात आणि शत्रूचे फक्त पुढचे. रेडपर्यंत शत्रू पोहोचला तर मात्र ते टिकत नाहीत.

ब्लू मेलेल्या मिनिअनला पुन्हा उठवतात, म्हणून ते भरमसाट घेण्याचा मोह होतो. पण पन्नासात १० ब्लू घेतले तर लढणारे ४० उरतात. २५०० चे १६०० होतात, म्हणजे ताकद ३६ टक्क्यांनी घटते. ५ घेतले तर घट १९ टक्के. त्यामुळे पाच-सहा पुरेत, तेही हाणामारीपासून जरा मागे, वेगळ्या मार्करवर. पाणी पार करायचं असेल तेव्हाच आकडा वाढवावा, कारण ब्लू सोडून बाकी सगळे पाण्यात बुडून मरतात.

हत्यारांचं गणितही याच सूत्रातून निघतं. ब्राऊन वाटेत सापडलेली शस्त्रं, शिरस्त्राणं उचलून घालतात. समजा त्यानं प्रत्येकाचा मारा दुप्पट झाला; तरी ताकद म्हणजे मारा गुणिले संख्येचा वर्ग, त्यामुळे असे ३० जण साध्या ४२ जणांइतके ठरतात, ६० इतके नाही. तरीही जुने, सजलेले ब्राऊन जपावेत, कारण ५० ची मर्यादा गाठल्यावर ताकद वाढवायला तेवढाच मार्ग उरतो.

ट्रोल, म्हणजे गेममधला धिप्पाड राक्षस, समोर आला की हे सगळं बाजूला ठेवायचं. त्याचा एक तडाखा घोळक्यातल्या अनेकांना एकदम उडवतो. जितके जास्त जवळ, तितके जास्त मेले. एका घावाला एकच बळी हे लँचेस्टरचं गृहीतकच तिथे कोसळतं. अशा वेळी ब्राऊन मागे बोलवावेत, रेडना लांबून मारू द्यावं, आणि ट्रोलची पाठ वळली की ग्रीन सोडावेत. ते मागून उडी मारून पाठीला चिकटतात. ट्रोल त्यांना झटकायला लागला की लगेच परत बोलवायचं.