मिसळीनंतरची पंधरा मिनिटं

रविवारी सकाळी नाशिकमधल्या कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर चार-पाच फेऱ्या मारायच्या, मग डोळे गच्च मिटून कारल्याचा हिरवागार रस एका दमात घशाखाली उतरवायचा आणि तिथून थेट मिसळ गाठायची. काळा रस्सा, दोन पाव, वर जिलबी. घरी आलं की सोफा. ‘कडू प्यायलं की रक्तातलं गोड मरतं,’ असं परवा एका काकांनी मला छातीठोकपणे सांगितलं. कडू-गोड या जिभेवरच्या चवी आहेत, रक्तात त्या एकमेकींना मारत नाहीत. ‘शुगर मुळापासून बरी’ म्हणत बाटल्या विकणाऱ्यांचं मात्र या समजुतीवर चांगलं चालतं.

उपाशीपोटी १०० मिली रक्तात साधारण ७० ते १०० मिलिग्रॅम ग्लुकोज असतं. अंगात पाच लिटर रक्त धरलं, तर सगळं मिळून जेमतेम एक छोटा चमचा! दोन पावांतून त्याच्या कितीतरी पट ग्लुकोज पुढच्या तास-दोन तासांत रक्तात उतरतं. त्याला सामावून घेणारं मोठं कोठार म्हणजे आपले स्नायू.

पण स्नायूच्या पेशीत शिरायला ग्लुकोजला दार लागतं. ‘ग्लूट-४’ नावाचं प्रथिन म्हणजे हे दार, आणि मला यातलं सगळ्यात आवडतं ते हे की एरवी ही दारं बहुतेक करून भिंतीत बसवलेलीच नसतात. पेशीच्या आत, सूक्ष्म पिशव्यांमध्ये ती ठेवलेली असतात. इन्शुलिनचा निरोप आला की पिशव्या सरकत भिंतीपाशी येतात, भिंतीत मिसळून जातात आणि दारं बाहेरच्या अंगाला येतात. निरोप ओसरला की पुन्हा आत. टाइप २ मधुमेहात निरोप येतो, पण पेशी त्याला नीट दाद देत नाही.

चालणाऱ्या स्नायूकडे दुसरी वाट असते. आकुंचनासाठी पेशीत कॅल्शियम सुटतं, एटीपी हे पेशीचं इंधन खर्च होतं. एटीपी खर्चलं की त्याचं वापरून उरलेलं रूप, एएमपी, वाढतं आणि त्याने ‘एएमपीके’ हे विकर (एन्झाइम) जागं होतं. कॅल्शियम, हे विकर आणि आणखी काही संकेत मिळून त्याच दारांच्या पिशव्या भिंतीकडे धाडतात, तेही इन्शुलिनला न विचारता! म्हणूनच मधुमेह असलेल्या माणसाच्या पोटऱ्या आणि मांड्याही चालताना रक्तातली साखर ओढून घेतात.

सकाळच्या फेऱ्या वाया जात नाहीत. व्यायामानंतर कितीतरी तास स्नायू इन्शुलिनचं जास्त ऐकतात. पण पावांची साखर रक्तात येते तेव्हा आपण सोफ्यावर असतो, ही खरी अडचण. आपल्याकडे शतपावली आहेच, फक्त शंभर पावलं मिनिटभरात संपतात. खाल्ल्यावर अर्ध्या तासाच्या आत दहा-पंधरा मिनिटं तरी चालावं. दहा हजार पावलांचं दडपण नको. तो आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायच्या एका यंत्राच्या नावातून आला.

इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर आधी डॉक्टरांशी बोला, कारण साखर फार खाली जाऊ शकते. बाकीच्यांनी येत्या रविवारी मिसळीच्या ठिकाणापासून गाडी जरा लांब लावावी. पाऊस असेल तर घरातल्या घरात, ओट्यापासून गॅलरीपर्यंत येरझाऱ्या घातल्या तरी पोटऱ्यांचं काम तेच.